फिल्टर चकाचक, पाणी मात्र दुधासारखं

प्रश्न: माझ्याकडे माशांची ६० लिटरची टाकी आहे, ८ गप्पी आणि ४ मॉली, ५ महिने झालेत. मला स्वच्छता लागतेच, म्हणून दर रविवारी हँगिंग फिल्टरमधला स्पंज आणि सिरॅमिक रिंग्ज नळाखाली चोळून चोळून धुते, उन्हात कडक वाळवते आणि मग परत बसवते. तरी मंगळवारपर्यंत पाणी दुधाळ होतं आणि मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत बसतात. दुकानदार म्हणतो मीडिया (म्हणजे फिल्टरमधला हा स्पंज-रिंग्जचा भरणा) बदला, भारीतला घ्या. कुठला घेऊ?

उत्तर: सध्या कुठलाच घेऊ नका, आहे तो बरा आहे, फक्त त्याला जगू द्या. रागावू नका पण दर रविवारी तुम्ही तुमचा फिल्टर मारताय.

होतं काय की मासे कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतात, शिवाय उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजते त्याचाही अमोनियाच होतो. रिंग्जवर आणि स्पंजमध्ये जिवाणूंचा थर बसलेला असतो तो या अमोनियाचं आधी नायट्राइट करतो आणि मग नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी आहेत, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते पाणी बदललं की जातं. म्हणजे मीडिया हे या जिवाणूंचं घर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असलं तर ते त्यांना मारतं आणि जे त्यातून वाचले ते तुमच्या उन्हात वाळून जातात, हा उन्हाचा प्रकार मी तर पहिल्यांदाच ऐकला! हे जिवाणू वाढायलाही फार आळशी, साधे जिवाणू तासाभरात कितीतरी पट होतात पण यांना नुसतं दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस लागतो, नव्या टाकीत त्यांचा जम बसायला ४ ते ६ आठवडे जातात. आणि तुम्ही दर ७ दिवसांनी सगळं शून्यावर आणता. टाकी ५ महिन्यांची असली तरी फिल्टर कायम एका आठवड्याचाच.

दुधाळपणा बहुतेक त्या दुसऱ्या, भराभर वाढणाऱ्या जिवाणूंचा आहे, ते पाण्यातली घाण खातात आणि ऑक्सिजनही ओढतात. त्यात नायट्राइट माशांच्या रक्तात शिरलं की रक्ताला ऑक्सिजन नीट वाहून नेता येत नाही, म्हणून ती उघडझाप.

आता करायचं असं. टेस्ट किटने अमोनिया आणि नायट्राइट बघा, दोन्ही ० पाहिजेत. नसतील तर रोज २५-३० टक्के पाणी बदला, नवीन पाण्यात डिक्लोरिनेटर (क्लोरीन घालवणारं द्रावण) टाकून, खाणं निम्म्यावर आणा, आणि एअर पंप असेल तर दिवसरात्र चालू. कुणाकडे जुनी, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या स्पंजचा एक तुकडा मागून आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये कोंबा, यासारखं औषध नाही.

यापुढे स्पंज धुवायचा तो पाण्याचा फ्लो कमी झाला तरच, आणि पाणी बदलताना टाकीतलं जे पाणी काढता त्याच बादलीत दोनतीनदा पिळायचा. तपकिरीच दिसणार तो, दिसू द्या. रिंग्जना तर महिनोन्महिने हात लावू नका, फारच गाळ बसला तर त्याच पाण्यात नुसत्या हलवायच्या, आणि स्पंज धुतलात त्या दिवशी रिंग्ज नाही.

उद्या खरंच मीडिया घ्यायची वेळ आली तर भाव बघू नका, छिद्रं बघा. पाणी आधी जाड स्पंजमधून, मग बारीक स्पंज किंवा फ्लॉसमधून (कापसासारखा गाळायचा थर), मग रिंग्जमधून जावं, नाहीतर रिंग्जची छिद्रं गाळाने बुजतात आणि भारी मीडिया नुसता खडा होऊन बसतो. फ्लॉस मात्र खुशाल फेकून नवीन घाला, तो त्यासाठीच असतो.

प्रश्न: फिल्टरमधला कार्बन (कोळसा) दर महिन्याला बदलावाच लागतो का?

उत्तर: मुळात रोजच्या टाकीला तो लागतोच असं नाही. कार्बन पाण्याचा रंग, वास आणि औषधाचे अंश ओढतो, अमोनिया ओढत नाही, तो गैरसमज फार आहे. काही आठवड्यांत त्याची ताकद संपते. आजारी माशांना औषध देताना आधी कार्बन काढा नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो, कोर्स संपला की उरलेलं काढायला परत घाला. अमोनिया ओढतो तो झिओलाइट नावाचा खनिज खडा, पण टाकीत मीठ टाकत असाल तर त्याच्या वाटेला जाऊ नका, मीठ लागलं की धरलेला अमोनिया तो परत पाण्यात सोडतो.

प्रश्न: कॅनिस्टर फिल्टरचा (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) आवाज होतो म्हणून रात्री बंद ठेवतो, चालेल ना?

उत्तर: नाही. त्या जिवाणूंनाही ऑक्सिजन लागतो आणि तो वाहत्या पाण्यातूनच येतो, बंद डब्यात काही तासांत तो संपतो, मग ते मरायला लागतात आणि आतलं पाणी सडतं. सकाळी बटण दाबलं की ते सगळं थेट माशांच्या अंगावर. कधी वीज जाऊन बराच वेळ बंद राहिलाच तर चालू करायच्या आधी डब्यातलं पाणी ओतून टाका आणि मीडिया टाकीच्या पाण्यात खंगाळून घ्या. आवाजाचं म्हणाल तर आत हवा अडकली असेल किंवा इम्पेलरवर (पाणी ढकलणारं आतलं छोटं पातं) शेवाळ-गाळ बसला असेल, ते आधी उघडून बघा, आणि तो इम्पेलर मात्र नळाखाली बिनधास्त घासा.