कोयनेच्या खोऱ्यात वाघ दिसत नाहीत, मग तिथे व्याघ्र प्रकल्प कशाला?

तुम्ही लिहिलंय, बामणोलीहून लाँचने वासोटा किल्ल्यावर जाऊन आलो, वाघ सोडा, साधं भेकरही दिसलं नाही, मग हा व्याघ्र प्रकल्प कसला?

मी जावळीतला. आज्याची भातखाचरं शिवसागरच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, पाण्याखाली आहेत, तेव्हा उत्तर थोडं घरचं होईल.

वाघांबद्दलची तुमची शंका अगदीच चूक नाही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान जोडून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, भोवतीच्या बफर पट्ट्यासकट ११६५ चौरस किलोमीटर. पण २०१८ च्या मे महिन्यात चांदोलीत कॅमेऱ्यात वाघ आला, आणि त्यानंतरचा फोटो मिळाला तो थेट २०२३ च्या डिसेंबरात. पुढे आणखी दोन आले. त्यातला एक २०२२ मध्ये राधानगरीत दिसलेला, तोच दोन वर्षांनी चांदोलीत सापडला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका वाघाच्या वाटेत आहे. कर्नाटकातल्या काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलापासून गोवा, तिलारी, आंबोली, राधानगरी आणि मग चांदोली-कोयना अशी घाटमाथ्याची एक सलग कड आहे. कोयना तिचं उत्तरेकडचं टोक. टोकाला वाघ शेवटी पोचणार, आणि मधली वाट उघडी असली तरच. ती वाट सगळी सरकारी जंगलातून जात नाही. कोल्हापूर-सिंधुदुर्गात बरीचशी मालकी रानं आहेत. मालकाने झाडं तोडून रबर लावला की वाट तेवढी अरुंद झाली. त्यात आंबा घाटातला रत्नागिरी-कोल्हापूर महामार्ग आडवा. इकडे कोयना आणि चांदोलीच्या मधूनही कुंभार्ली घाटाचा रस्ता जातोच. सगळ्यांचं लक्ष वासोट्याकडे असतं. मला विचाराल तर खरी काळजी आंबा घाटाची आहे.

दुसरी अडचण, २०२३ पासून आलेले तिन्ही नर. नर लांब लांब भटकतो. मादी सहसा आईच्या शेजारीच बस्तान मांडते, शे-दोनशे किलोमीटर चालत यायच्या भानगडीत पडत नाही. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोब्यातून एक वाघीण चांदोलीत आणली. एकूण आठ वाघ आणायला मंजुरी आहे. त्यांच्या पोटासाठी सागरेश्वर अभयारण्यातून चितळंही आणून सोडलीत. आमच्या भागातल्या काहींना हे कृत्रिम वाटतं. मला नाही वाटत, पण नुसते वाघ आणून वाट तशीच बुजू दिली तर दर काही वर्षांनी आणतच बसावं लागेल.

आता जंगल राहिलं कसं, तेही सांगतो, कारण याचं श्रेय हल्ली भलतेच लोक घेतात. साठच्या दशकात धरण झालं, गावं उठली. कोणी ठाणे-रायगडला गेलं, कोणी सोलापूरला. जे उरले ते डोंगर चढून वर सरकले, आणि आमच्या बापासारखे मुंबईत माथाडी झाले. पाणी मधे आल्याने पलीकडचा काठ तुटला. १९८५ ला अभयारण्य जाहीर झालं तेव्हा अर्धं काम अडचणीनेच करून ठेवलेलं होतं. पुढे आतली काही गावं हलली, त्यांच्या पडीक शेतांत गवत माजलं आणि गवे तिथे चरायला लागले. मे महिन्यात पाणी उतरलं की आमच्या खाचरांचे बांध वर येतात. गेल्या वर्षी तिथल्या ओल्या गाळात गव्याचे खूर उमटलेले पाहिले. आजी म्हणाली, आपल्या बैलांपेक्षा मोठे.

तुम्हाला काही दिसलं नाही याचं आश्चर्य वाटायला नको. दाट झाडी, वर लाँचभर माणसांचा गलका. पुढच्या वेळी पहिल्या लाँचने जा, मेट इंदवलीला उतरलात की गप्प राहा आणि ओढ्याच्या कडेची ओली माती बघत चढा. सांबराचा, गव्याचा ठसा सापडेल, अस्वलाचा सापडला तर नशीब. आणि झाडाच्या शेंड्याकडेही बघा, शेकरू असतात.