उतार शून्य, मग शिखर कुठंय?

प्रश्न : सर, मी बारावी सायन्सला आहे. चाचणीत फंक्शन होतं क्ष + साइन क्ष. डेरिव्हेटिव्ह (म्हणजे वक्राचा उतार) आला १ + कॉस क्ष. क्ष = पाय घेतलं की तो शून्य होतो, म्हणून मी तिथे मॅक्सिमम लिहिलं आणि गुण गेले. घरी दुसरा डेरिव्हेटिव्ह काढला, तर पायला तोही शून्यच! मग तिथे आहे तरी काय?
— एक विद्यार्थिनी, कराड

उत्तर : मॅक्सिममही नाही आणि मिनिममही नाही, त्यामुळे गुण गेले ते रास्तच. डेरिव्हेटिव्ह शून्य आला की तुम्ही पोरं उत्तराखाली रेघ मारून मोकळी होता. अगं, त्या शून्याच्या अलीकडे चिन्ह काय आणि पलीकडे काय, हे कोण बघणार? कॉस कधीच −१ च्या खाली उतरत नाही, म्हणजे १ + कॉस क्ष कधी ऋण होतच नाही. पायच्या दोन्ही अंगांना तो धनच. फंक्शन चढत येतं, पायपाशी सपाट होतं आणि पुन्हा चढायला लागतं. दुसरा डेरिव्हेटिव्ह, −साइन क्ष, तिथे ऋणाचा धन होतो, म्हणजे वक्राचा बाक तेवढा उलटतो. नुसतं 'शून्य आला' एवढ्यावर दुसऱ्या डेरिव्हेटिव्हची कसोटी काहीच सांगत नाही.

ही सपाटी किती आहे ते हाताने करून बघ. मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धर, बहुतेक फोनवर साइनचं बटण दिसेल. आधी रेडियन लाव. डिग्रीवर राहिलं तर सगळं मुसळ केरात. ३ + साइन ३ केलंस की ३.१४११२ येईल. आता हेच उत्तर पुन्हा क्षच्या जागी घाल : ३.१४१५९२६५३५७. पायची खरी किंमत ३.१४१५९२६५३५९! दोन खेपांत दहा दशांश स्थळं बरोबर. कारण पायपाशी पहिले दोन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य आहेत. पायपासूनचं अंतर थोडं असेल, तर एका खेपेनंतर उरणारी चूक साधारण त्या अंतराच्या घनाचा सहावा भाग असते. ०.१४ चा घन करून सहाने भाग, म्हणजे पटेल. ज्या बिंदूने तुझे गुण खाल्ले, त्याच्यावर माझा भारी जीव आहे तो यासाठी.

आता साइनला २ ने गुण. क्ष + २ साइन क्ष चा डेरिव्हेटिव्ह १ + २ कॉस क्ष. हा मात्र २पाय/३ ला शून्य होऊन ऋण होतो आणि ४पाय/३ ला परत धन. म्हणजे पहिल्या ठिकाणी खरोखरच मॅक्सिमम (स्थानिक हं!), किंमत सुमारे ३.८३, दुसऱ्या ठिकाणी मिनिमम, सुमारे २.४६. साइनचा गुणक १ च्या पुढे जरासा जरी सरकला, तरी टेकड्या आणि खड्डे तयार होतात. गुणक १.१ घेऊन शिखर कुठे येतं ते काढ आणि कळव.