बोटाच्या थेंबानंतरची दुसरी नळी

प्रश्न : माझा धाकटा भाऊ तीन महिन्यांपासून न्यायाधीन बंदी म्हणून तुरुंगात आहे. तिथल्या शिबिरात बोटाला टोचून रक्त तपासलं. मुलाखतीत म्हणाला, एचआयव्ही आणि हेपटायटिस बी नाही, पण 'सी' पॉझिटिव्ह आलं. हा आजार आता जन्माचा का? आणि अशी तपासणी सक्तीने करता येते का?
— एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, बोटाच्या थेंबावर केलेली 'सी'ची ती पट्टीची चाचणी विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. ती आजार गेल्यावरही वर्षानुवर्षं रक्तात राहतात. लागण झालेल्या साधारण चौघांपैकी एकाचा विषाणू पहिल्या सहा महिन्यांत औषधाशिवायच जातो, तरी पट्टीवर दोन रेघा येतातच. तेव्हा पुढच्या मुलाखतीत एवढंच विचारा : 'आरएनए'साठी, म्हणजे खुद्द विषाणू शोधणाऱ्या चाचणीसाठी, शिरेतून दुसरं रक्त घेतलं का?

घोडं अडतं ते इथेच. हे रक्त जांभळ्या बुचाच्या नळीत घेतात, सहा तासांत प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) वेगळा करून थंड ठेवतात. नळी टेबलावर दिवसभर पडली तर विषाणू असूनही कमी मोजला जाऊ शकतो. बरं, सगळं नीट झालं तरी रिपोर्ट येईपर्यंत बंदी जामिनावर सुटतो किंवा दुसऱ्या कारागृहात जातो, आणि कागद मागेच राहतो. रिपोर्टची प्रत मागून घ्या.

विषाणू सापडलाच, तर यकृत फार बिघडलेलं नसताना सोफोसबुविर 400 मिलिग्रॅम आणि डॅक्लाटास्विर 60 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, 12 आठवडे. 2018 साली सुरू झालेल्या हेपटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे औषध फुकट मिळतं आणि बहुतेक जण बरे होतात. गोळ्या संपल्यावर 12 आठवड्यांनी पुन्हा आरएनए बघायचा. मध्येच सुटका झाली तर उरलेल्या गोळ्या आणि उपचाराचं कार्ड घेऊन थेट जिल्हा रुग्णालय गाठायचं. डोसात खंड नको.

'बी' नाही हे चांगलं. 'सी'च्या औषधाने दबलेला 'बी' उसळू शकतो, म्हणून तो आधी बघतात. आता त्याला 'बी'ची लस मिळू द्या : 0, 1 आणि 6 महिने. लवकर सुटणाऱ्याला 0, 7, 21 दिवस आणि वर्षाने चौथा डोस असंही देता येतं. शिबिर आत गेल्या गेल्या झालं असेल, तर एचआयव्हीची चाचणी आता पुन्हा करून घ्यावी. ताज्या लागणीत प्रतिपिंडं दिसायला तीन महिनेही लागू शकतात.

सक्तीचं म्हणाल, तर सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही कायद्याने समजावून सांगून घेतलेली संमती हवीच. कोर्टाचा आदेश वगैरे अपवाद मोजके. कोठडी हा अपवाद नाही. निकाल बराकीत ओरडून सांगणं तर त्याहून वाईट.

प्रश्न : मी कारागृहाच्या दवाखान्यात काम करतो. पट्टीवर फिकट रेघ आली तर काय धरायचं?
— एक वाचक, विदर्भ

उत्तर : किटवर छापलेल्या वेळेत दिसली, तर कितीही फिकट असो, रिॲक्टिव्ह, म्हणजे लागणीची शक्यता आहे असं धरा. वेळ उलटल्यावर उमटलेली रेघ मोजू नका. शिबिरात तीस पट्ट्या एका ओळीत मांडल्या की नेमका हाच घोळ होतो. प्रत्येक पट्टीवर बंदी क्रमांकासोबत थेंब टाकल्याची वेळ लिहा. स्पिरिट वाळू द्या, पहिला थेंब पुसून टाका, एका किटचं बफर (सोबत येणारा द्रव) दुसऱ्याला वापरू नका. पट्टी नीट चालली हे दाखवणारी कंट्रोलची रेघच नाही आली, तर ती चाचणी बाद, नवी पट्टी. एचआयव्हीची पट्टी रिॲक्टिव्ह आली तरी 'पॉझिटिव्ह' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रात) वेगवेगळ्या तीन चाचण्या झाल्यावर तो तिथले समुपदेशक सांगतील.