आई-वडिलांना उच्च रक्तदाब असेल, तर व्यायामात आपला दाब जास्त का वाढतो?

आपल्या आई-वडिलांना उच्च रक्तदाब आहे, आपला एरवीचा दाब 120/80च्या आसपास असतो, पण ट्रेडमिल चाचणीत वरचा आकडा 200च्या पुढे गेला. तेव्हा व्यायाम सोडावा का, असे आपण विचारले आहे. माझ्याही वडिलांना हा विकार असल्याने हा प्रश्न मला जवळचा आहे. माझे स्पष्ट मत असे की व्यायाम सोडू नये.

श्रम करताना वरचा दाब वाढणे स्वाभाविक आहे. हृदय नेहमीच्या कितीतरी पट रक्त बाहेर टाकते, आणि त्याच वेळी राबणाऱ्या स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे वरचा दाब बेताने वाढतो व खालचा जवळपास जागेवरच राहतो. आनुवंशिक कल असलेल्या काही जणांत मात्र हे रुंदावणे अपुरे पडते: रक्तवाहिनीच्या अस्तरात तयार होणारे आणि तिला रुंदावणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते, धमन्यांना थोडा ताठरपणा आलेला असतो, शिवाय श्रमात किंवा ताणात शरीराला सज्ज करणारी सिंपथेटिक मज्जासंस्था अधिक जोराने प्रतिसाद देते. विश्रांतीत याचा मागमूस लागत नाही. सर्वोच्च श्रमाच्या वेळी पुरुषांत 210 आणि स्त्रियांत 190 किंवा त्याहून अधिक वरचा दाब हा सहसा अतिप्रतिसाद मानला जातो, आणि अशा व्यक्तींना पुढे उच्च रक्तदाब होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. म्हणजे आपल्याला वेळेआधी सूचना मिळाली आहे, आणि ती मोलाची आहे.

भरभर चालणे, सायकल, पोहणे यांसारख्या नियमित व्यायामाने रक्तवाहिन्यांचे अस्तर सुधारते आणि व्यायामानंतर काही तास दाब नेहमीपेक्षा खाली राहतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवते. तिथपर्यंत हळूहळू पोहोचावे. श्वास रोखून जड वजन उचलणे मात्र तूर्त टाळावे, कारण त्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब एकदम चढतात.

चाचणीचा अहवाल डॉक्टरांना दाखवून श्रम थांबल्यावर दाब किती वेळात उतरला हे अवश्य विचारावे, आणि घरी पाच मिनिटे शांत बसून घेतलेल्या मोजण्यांची नोंद ठेवावी. व्यायामात छातीत दुखले, भोवळ आली किंवा अकारण धाप लागली, तर तिथेच थांबून विनाविलंब वैद्यकीय मदत घ्यावी.