ओपन सोर्स लायब्ररीत डिपेन्डन्सीचे व्हर्जन पक्के बांधावेत की मोकळे सोडावेत?

तुमची अडचण अशी आहे: पायथनची छोटी लायब्ररी गिटहबवर टाकलीय, सगळ्या डिपेन्डन्सी (ती ज्यांवर चालते ती पॅकेजेस) == लावून एकेका नेमक्या व्हर्जनला बांधल्यात, आणि एकाने इश्यू टाकलाय की दुसऱ्या पॅकेजबरोबर ती इन्स्टॉलच होत नाही. मोकळं सोडावं तर उद्याच्या अपडेटने मोडेल ही धास्ती.

== काढून टाका. एका एन्व्हायर्नमेंटमध्ये नमपायचं (आकडेमोडीच्या लायब्ररीचं) एकच व्हर्जन बसतं. तुमची लायब्ररी १.२६.४ वर अडून बसली आणि शेजारचीला २.० हवं असलं, की पिप, म्हणजे पायथनचा पॅकेज इन्स्टॉलर, हात वर करतो. पक्का आकडा शोभतो तो ॲप्लिकेशनमध्ये, जिथे शेवटी काय चालवायचं हे तुम्हीच ठरवता. तिथे लॉक फाइल (सगळ्या नेमक्या व्हर्जनची यादी) ठेवा, गिटमध्ये कमिट करा. लायब्ररीत फक्त सांगायचं की इथपासून पुढचं चालतं.

‘इथपासून’ म्हणजे कुठून, यावर मात्र नीट डोकं चालवा. मी सोलापुरात यंत्रमागवाल्यांसाठी सॉफ्टवेअर करतो. चादरीच्या नक्षीचं चित्र घेऊन जॅकार्डसाठी (मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेसाठी) ग्राफ काढणारं माझं एक टूल आहे, आत पिलो (चित्रं हाताळणारी लायब्ररी) आणि नमपाय. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काही ठिकाणी ते अजून विंडोज ७ वर चालतं. माग चालू आहे तर पीसी कशाला बदलायचा, हा मालकाचा हिशोब, आणि तो चुकीचाही नाही. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, आणि ३.८ वर नमपाय १.२४ च्या पुढे जात नाही. मी हौसेने ‘नमपाय >= २’ लिहिलं तर ही मंडळी बाहेर. म्हणून खालची हद्द १.२० ठेवलीय. पिप प्रत्येक मशीनच्या पायथनला झेपेल असं नवीनात नवीन व्हर्जन आपणहून निवडतो, फक्त त्याला निवडायला जागा द्यायची.

मग वर ‘< २’ लावायचं का? बरेच जण लावतात, मी टाळतो. नमपायने एनपी.फ्लोट हे नाव १.२० पासून वॉर्निंग देत देत १.२४ मध्ये काढलं. म्हणजे मोडतोड १ च्या आतच झाली, ‘< २’ ने काही वाचलं नसतं. उलट २.० आल्यावर तुमचा कोड त्यावर व्यवस्थित चालत असला तरी लोक तुमच्यामुळे अडकून पडले असते. मोडतंय हे प्रत्यक्ष दिसलं, इश्यू नंबर हातात आहे, तरच मर्यादा घाला आणि दुरुस्ती झाली की काढा. आणखी एक गोम: मर्यादा फक्त नव्या रिलीजमध्ये घातली, तर पिप कधीकधी मागे सरकत मर्यादा नसलेला तुमचा जुना रिलीज उचलतो, आणि मोडायचं ते मोडतंच.

धास्तीवरचं औषध टेस्टमध्ये आहे. सीआयमध्ये (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या व्यवस्थेत) दोन रन लावा, एक सगळ्यात जुन्या व्हर्जनवर, एक सगळ्यात नव्यावर. जुन्यासाठी यूव्ही या पॅकेज टूलमध्ये ‘लोएस्ट-डायरेक्ट’ रिझोल्यूशन आहे. नवा रन आठवड्याला आपोआप सुटू द्या, कोणी कमिट करो वा न करो. पायटेस्ट या टेस्ट टूलमध्ये डेप्रिकेशन वॉर्निंगला (‘हे पुढे काढणार’ या सूचनेला) एरर धरा. पिलोने १०.० मध्ये, २०२३ साली, इमेज.अँटीअलायस हे नाव काढलं, तेव्हा कितीतरी प्रोजेक्ट ॲट्रिब्यूट एरर देऊन पडले. तिथे लँक्झॉस लिहिलं की झालं. ते नाव जुन्या पिलोतही होतं, त्यामुळे खालची हद्द हलवायचीही गरज नव्हती. वॉर्निंग वाचणाऱ्यांनी हे आधीच उरकलं होतं.

आता त्या इश्यूचं. हद्द मोकळी करून नवा पॅच रिलीज काढा, चेंजलॉगमध्ये एक ओळ टाका आणि त्याला कळवा. == असलेले जुने रिलीज पायपीआयवरून (पायथन पॅकेजेसच्या भांडारावरून) डिलीट मात्र करू नका. २०१६ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्टच्या भांडारावरून लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतलं, तर भल्याभल्यांचे बिल्ड बसले. एखादा रिलीज खरोखरच बिघडलेला असेल तर त्याला यँक करा: नव्याने इन्स्टॉल करणाऱ्याला पिप तो देत नाही, पण ज्यांनी नेमका तोच आकडा बांधलाय त्यांचं काम चालू राहतं.