धावपट्टी एक, विमाने तासाला ४६

प्रश्न : मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या असूनही एका वेळी एकच का वापरतात? (वाचक, डोंबिवली)

कारण त्या एकमेकींना छेदतात. मुख्य धावपट्टी ०९/२७, लांबी सुमारे ३,४५० मीटर; दुसरी १४/३२, सुमारे २,९०० मीटर. (आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा भागिले दहा. २७ म्हणजे २७० अंश, तोंड पश्चिमेकडे.) एकीवरचे विमान छेदाच्या पलीकडे गेल्याशिवाय दुसरीवरच्याला सोडता येत नाही. त्यात उतरणाऱ्या वैमानिकाने ऐनवेळी विमान परत वर उचलले आणि त्याच क्षणी दुसरे आडव्या धावपट्टीवरून उडत असले, तर दोन्ही विमाने कमी उंचीवर त्याच छेदावर येतील. ही शक्यता दर वेळी धरूनच चालावे लागते. त्यामुळे दोन्ही पट्ट्या एकत्र चालवून हाती फारसे काही लागत नाही. एकच नीट चालवलेली बरी.

मग दुसरी कशाला? मुख्य धावपट्टी अडली तर विमानतळ बंद पडू नये म्हणून. १ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात उतरलेले एक विमान मुख्य धावपट्टीच्या पुढे जाऊन रुतले. ती पट्टी तीन दिवसांहून अधिक बंद राहिली आणि तेवढे दिवस मुंबई १४/३२ वर चालली.

प्रश्न : एका पट्टीवर तासाला ४६ विमाने हा आकडा वाचला. हे जमवतात कसे? (विद्यार्थी, पुणे)

३,६०० सेकंदांना ४६ ने भागा. एका विमानाच्या वाट्याला ७८ सेकंद येतात. एक उतरणारे आणि एक उडणारे अशी जोडी धरली तर १५६ सेकंद. शेवटच्या टप्प्यात विमान साधारण १४० नॉटने (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) येते आणि त्या वेगाला ६ सागरी मैल कापायला १५४ सेकंद लागतात. म्हणजे उतरणाऱ्या दोन विमानांत ६ मैलांची फट ठेवायची आणि तीत एक उड्डाण बसवायचे. फट तयार करतात अप्रोच कंट्रोलवाले, म्हणजे उतरायला येणाऱ्यांचे नियंत्रक, रडारवर वेग आणि वळणे देऊन. ती वापरतो टॉवर, म्हणजे धावपट्टी सांभाळणारा नियंत्रक.

ही फट जवळून पाहू. पहिले विमान धावपट्टीच्या सुरुवातीची रेघ ओलांडते, तो शून्य सेकंद. ते पुढे गेले की लगेच उडणाऱ्याला ‘लाइन अप’ची, म्हणजे धावपट्टीवर येऊन उड्डाणाच्या दिशेने उभे राहण्याची, परवानगी मिळते. उतरलेले विमान ५० ते ५५ सेकंदांत तिरक्या जलद टॅक्सीवेने (धावपट्टीवरून बाहेर नेणाऱ्या रस्त्याने) बाहेर पडते. हे टॅक्सीवे धावपट्टीला साधारण ३० अंशांत जोडलेले असतात आणि ५० नॉटने वळता यावे अशा बेताने आखलेले असतात. पट्टी मोकळी झाली की टेकऑफची परवानगी. वैमानिक थ्रस्ट (इंजिनांचा जोर) वाढवतो, त्यात दहाएक सेकंद जातात. मग ३५ ते ४० सेकंदांची धाव. शंभराव्या सेकंदाच्या सुमारास चाके जमीन सोडतात, तेव्हा पुढचे उतरणारे विमान दोन मैलांवर असते. उडालेले विमान धावपट्टीचे टोक ओलांडेपर्यंत १२० सेकंद झालेले असतात. शिल्लक उरतात तीसएक सेकंद. सगळा श्वास तेवढाच.

आता बिघडते कुठे ते लक्षात येईल. उतरलेल्या वैमानिकाने पहिला टॅक्सीवे चुकवून पुढचा धरला की १५-२० सेकंद गेले, म्हणजे शिल्लक निम्मी संपली. उडणाऱ्याने रांगेच्या तोंडाशी येऊन ‘केबिन तयार नाही’ म्हटले की ती फट वायाच. साठवून ठेवता येत नाही. म्हणून कुठल्या टॅक्सीवेने बाहेर पडायचे हे उतरण्याआधीच ठरवणे आणि लाइन अप होण्यापूर्वी सगळी तयारी उरकणे, ही वैमानिकांची शिस्त नव्या काँक्रीटपेक्षा जास्त कामाची, असे माझे ठाम मत आहे. लंडनचे गॅटविक एका धावपट्टीवर तासाला ५५ पर्यंत जाते, ते अशाच काटेकोरपणावर. तिथे फट सुमारे ५ मैलांची पडते.

समोरचा वाराही क्षमता खातो, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते. २० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग १२० नॉट उरतो, तेच ६ मैल १८० सेकंद घेतात आणि ४६ चे ४० होतात. यावर उपाय म्हणजे अंतर मैलांऐवजी सेकंदांत मोजायचे. हीथ्रोने २०१५ पासून तसे सुरू केले.

राहिला विमानांचा क्रम. १३६ टन आणि त्यावरची विमाने ‘हेवी’, ७ ते १३६ टनांची ‘मीडियम’. हेवीच्या मागच्या हवेच्या भोवऱ्यात सापडू नये म्हणून मीडियमला ५ मैल मागे ठेवतात, हेवीमागे हेवीला ४. मीडियमच्या मागे रडारचे किमान ३ मैल पुरतात. मध्ये उड्डाण बसवायचे असेल तेव्हा ६ मैलांच्या फटीत हे सारे सामावते. पण नुसतीच उतरणाऱ्यांची रांग लागली की क्रमाला किंमत येते. दोन हेवी, दोन मीडियम एकाआड एक घेतली (हेवी आधी) तर ५+३+५, म्हणजे १३ मैल. आधी दोन्ही मीडियम, मग दोन्ही हेवी घेतली तर ३+३+४, म्हणजे १०. वाचलेले ३ मैल म्हणजे ७७ सेकंद, म्हणजेच एका विमानाची जागा. अर्थात कुणाला कितीही मागे ढकलता येत नाही. इंधन मोजलेले असते, त्यामुळे एक-दोन जागांची अदलाबदल होते, त्यापलीकडे क्वचितच. उड्डाणांत एटीआरसारखे संथ, पंख्याचे विमान जेटच्या पुढे सोडले तर मागच्याला थांबावे लागते किंवा एटीआरला लवकर वळवावे लागते. जमेल तेव्हा जेट आधी.

प्रश्न : आमच्या डोक्यावरून बहुतेक दिवस विमाने उतरतात, कधी मात्र चढताना दिसतात. दिशा कोण ठरवते? (वाचक, घाटकोपर)

वारा. विमान उतरते आणि उडते वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून. मुंबईत दुपारचा खारा वारा आणि पावसाळ्यातला वारा पश्चिमेकडचा, म्हणून बहुतांश वेळ २७ चालू असते : ठाणे खाडी आणि घाटकोपरवरून उतरायचे, जुहूकडून समुद्रावर निघायचे. वारा पूर्वेचा झाला की ०९ सुरू होते आणि उड्डाणे तुमच्यावरून जातात.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार आवाज कमी करण्यासाठी एखादी धावपट्टी पसंत केली असेल, तरी झोतांसह मागचा वारा ५ नॉट किंवा आडवा १५ नॉटच्या वर गेला की ती पसंती सोडून द्यावी लागते. दिशा बदलणे मात्र महागडे. जवळ आलेली विमाने जुन्या दिशेने उतरवून घ्यायची, बाकीच्यांना आकाशात वळसा घालायला लावायचा, आणि एका टोकाला उभी असलेली उड्डाणांची रांग तीन किलोमीटरहून दूरच्या दुसऱ्या टोकाला न्यायची. म्हणून वारा फिरणार याचा अंदाज आला की गर्दी ओसरल्याची वेळ पाहून बदल करतात. १४/३२ च्या आग्नेय टोकासमोर तुर्भ्याची (ट्रॉम्बेची) टेकडी आहे, त्यामुळे त्या बाजूला मर्यादा जास्त.

प्रश्न : जून २०२४ मधला मुंबईचा व्हिडिओ पाहिला. एक विमान उतरतेय आणि पुढे त्याच पट्टीवर दुसरे उडतेय. हे चालते का? (वाचक, नाशिक)

सर्वसाधारण नियम असा : पुढचे उडणारे विमान धावपट्टीचे टोक ओलांडून गेलेले असावे किंवा वळलेले असावे, त्याशिवाय मागच्याने धावपट्टीची सुरुवातीची रेघ ओलांडायची नाही. ठरावीक अटींवर, दिवसा आणि चांगल्या दृश्यमानतेत, हे अंतर कमी करण्याची मुभा असते. पण ८ जूनला उतरणाऱ्याची चाके टेकली तेव्हा पुढचे विमान जमीन सोडतच होते. डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) चौकशी सुरू केली आणि संबंधित नियंत्रकाला कामावरून बाजूला केले. फट आक्रसते आहे असे दिसले की योग्य सूचना एकच : ‘गो अराउंड’, म्हणजे न उतरता परत वर जा. त्याने दहा-पंधरा मिनिटे आणि थोडे इंधन जाते. तो आदेश देणाऱ्या नियंत्रकाला आणि स्वतःहून वर जाणाऱ्या वैमानिकाला कुणीही जाब विचारू नये.

प्रश्न : नवी मुंबईत दोन धावपट्ट्या एकाच वेळी चालतील का? (वाचक, पनवेल)

आराखड्यात त्या समांतर आहेत. दोन समांतर पट्ट्यांच्या मध्यरेषांत १,०३५ मीटर अंतर असेल तर दोन्हींवर एकमेकांची वाट न पाहता उतरता येते. ७६० मीटर असेल तर दोन्हींवरून स्वतंत्र उड्डाणे घेता येतात, किंवा एक उतरायला आणि दुसरी उडायला ठेवता येते. नवी मुंबईच्या आराखड्यातले अंतर १,५५० मीटर आहे. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले ते एका धावपट्टीचे, आणि तिची विमाने मुंबईच्या विमानांबरोबर एकाच आकाशात बसवायची आहेत. त्यामुळे तूर्त दोन्ही विमानतळांच्या क्षमता नुसत्या बेरजेने मोजू नका.