कोकणातल्या जुन्या घराच्या सागवानी खिडक्यांचा रंग दर पावसाळ्यात सुटतो, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की राजापूरकडे जुनं घर आहे, दर मे महिन्यात खिडक्यांना ऑइल पेंटचा एक हात मारता आणि गणपतीला गेलात की खाली पापुद्रे सुटलेले असतात, शिवाय झडपा पण अडकतात. कंपनी बदलून किंवा महागातला डबा आणून हे थांबणार नाही हो, आधी पाणी कुठून शिरतंय ते बघा.

झडप सताड उघडा आणि तिच्या खालच्या कडेखाली छोटा आरसा धरा. बहुतेक घरांत तिथे कोरं लाकूड दिसतं, कारण उभं राहून जेवढं दिसतं तेवढंच रंगवलं जातं. उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच असतात आणि लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं ते टोकाकडून. मग पाऊसभर ते पाणी वर ओढलं जातं आणि ऊन पडलं की बाहेर यायला बघतं, पण वर ऑइल पेंटचा जाड थर, त्यामुळे आधी फुगा येतो आणि मग पापुद्रा. म्हणजे तुमचा रंग आतून ढकलला जातोय. म्हणून झडपा बिजागरीतून काढून आडव्या ठेवा आणि त्या कडेला प्रायमर दोनदा, रंग दोनदा. एवढं एक केलंत तरी फरक दिसेल.

दुसरी जागा काचेची. कडेची पुट्टी नखाने दाबून बघा, तुकडा पडला तर सगळी काढून नवीन भरा. रंगवताना रंगाची रेघ काचेवर २ मिलिमीटर चढू द्या, काच स्वच्छ दिसावी म्हणून लोक ब्लेडने पार पुट्टीपर्यंत खरवडतात आणि फट नेमकी तिथेच उघडी राहते.

आता हे नीट वाचा, घर जुनं आहे म्हणून सांगतोय. आपल्याकडे घरगुती रंगात शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या थरांत शिसं भरपूर असू शकतं. कोरडं घासू नका, जाळून तर अजिबात काढू नका. वॉटरप्रूफ पॉलिश पेपर पाण्यात बुडवून घासा, चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, भुगा झाडूने न उडवता ओल्या फडक्याने गोळा करा. पोरंटोरं आणि घरात कोणी गरोदर असेल तर त्या दिवसांत दुसरीकडे पाठवा, यात खरंच हयगय नको.

झडपा अडकतात म्हणून भर पावसात रंधा मारून घेऊ नका, उन्हाळ्यात लाकूड आकसलं की मोठी फट पडेल. दरवर्षीचे थर कडांवर साचलेत, पुष्कळदा तेच अडकतात. कडेला खडू घासून झडप बंद करा, चौकटीवर खडू उमटेल तिथे घासतंय, तेवढाच जुना रंग काढा. हे सगळं जानेवारी-फेब्रुवारीत करा, तोवर लाकूड सुकलेलं असतं आणि मे महिन्यासारखी पाहुण्यांची, आंब्याची घाई पण नसते. उन्हात तापलेल्या झडपेवर ब्रश लावू नका, वरची साय धरते आणि आत ओलं राहतं. पातळ दोन हात, मध्ये एक रात्र. लोखंडी गजांना रेड ऑक्साइड, म्हणजे गंज रोखणारा तांबडा प्रायमर. बिजागऱ्या रंगवू नका, तेल द्या.

पुसायला साध्या साबणाचं पाणी आणि मऊ फडकं पुरे, धुण्याचा सोडा किंवा थिनर लावलात की चमक गेलीच समजा. समुद्र जवळ असेल तर मीठ साचतं, ते मधूनमधून गोड्या पाण्याने पुसून घ्या.

आणि रंगाचा डबा आणायच्या आधी खालच्या कोपऱ्यात स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. लोण्यासारखा आत गेला तर आधी सुताराला बोलवा, तेवढा तुकडा कापून जुन्याच सागाचा जोड बसवून देईल, अख्खी खिडकी काढून ॲल्युमिनियमची लावा म्हणणाऱ्यांचं मात्र ऐकू नका, असा साग आता सहजी मिळत नाही.